पेठेने पोसलेले आकाश

छत्रपती संभाजीनगरच्या अनेक जैन घरांत देवघराजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी एक छापील कोष्टक टांगलेले असते. तारीख, सूर्योदय, नवकारसी, सूर्यास्त असे त्याचे रकाने. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी आणि संध्याकाळी चौविहाराचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी घरातील कोणी ना कोणी त्याकडे पाहतेच. सूर्योदयानंतर एक मुहूर्त, म्हणजे दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे झाली की नवकारसी. सामायिकाचा अवधीही तेवढाच. दिवसाचा पहिला घास आणि शेवटचा घोट केव्हा घ्यावा हे ज्या घरात सूर्य ठरवतो, त्या घराला खगोलशास्त्र परके असण्याचे खरे तर काही कारण नाही.

नागपूरहून लग्न होऊन संभाजीनगरला आलेली सून माहेरचे कोष्टक सोबत आणते आणि ते येथे जुळत नाही असे तिच्या लवकरच ध्यानात येते. नागपूरचा सूर्योदय सरासरीने १५ मिनिटे आधी होतो. उलट मुंबईची आत्या येथे आली, तर तिला सूर्य १० मिनिटे लवकर उगवलेला दिसतो. घड्याळे मात्र तिन्ही गावांत एकच वेळ दाखवीत असतात. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. नागपूर ७९ रेखांशाजवळ, संभाजीनगर ७५ अंशांच्या थोडे पुढे आणि मुंबई जवळपास ७३ वर. पूर्वेकडचे गाव आधी सूर्यासमोर येते. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची असल्यामुळे संभाजीनगरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने १२ वाजून २९ मिनिटे झालेली असतात. घड्याळ साऱ्या देशाचे आहे. सूर्योदय ज्या त्या गावाचा आहे. ऋतूप्रमाणे या फरकात थोडी कमीअधिक भर पडते, परंतु मूळ हिशेब हाच.

हा हिशेब करणारी माणसे कोणी पोसली? त्यांच्या अन्नवस्त्राची, विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय कोणी केली? या प्रश्नाचे एक लेखी उत्तर संभाजीनगरपासून फार दूर नाही. ते दगडावर कोरलेले आहे, आणि व्यापारी घराण्यांनी आवर्जून वाचावे असे आहे.

घाटाखालचे पाटण

संभाजीनगरहून खुलताबाद, वेरूळ आणि कन्नड ओलांडून उत्तरेकडे जाणारा रस्ता औट्रम घाटाने खाली उतरतो आणि चाळीसगावच्या मैदानाला लागतो. सातमाळ्याच्या या रांगेच्या पायथ्याशी, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. आज ते चंडिकादेवीचे स्थान म्हणून ओळखले जाते. यादवकाळात तेथे पाटण नावाचे नांदते, बाजारपेठेचे नगर होते. जवळच्या डोंगरात नागार्जुन कोठडी नावाचे जैन लेणेही आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विख्यात डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे पंडित भाऊ दाजी लाड यांनी येथील एक शिलालेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ त्यात आहे. भास्कराचार्य १११४ साली जन्मले आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ ही पाटीगणिताची पोथी त्याचाच भाग. त्यांचे मूळ गाव कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता आणि त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला, हे या लेखाने निश्चित होते. तेथील निकुंभवंशीय मांडलिक सोइदेव याने मठाला दान दिले ते चंद्रग्रहणाच्या पर्वावर. विद्वानांनी त्या ग्रहणाची तारीख काढली आहे ९ ऑगस्ट १२०७.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. वंशाची थोरवी, राजांची स्तुती, ग्रंथांची नावे हे सारे त्या भाषेत. मात्र मठ चालायचा कशावर, हा मुद्दा येताच भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. ज्यांनी पैसा द्यायचा त्यांना तो करार कळला पाहिजे, एवढेच त्यामागचे कारण असावे. या नगरात जो माल विक्रीस येईल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे. नगरानेही आपल्या वतीने मालाच्या ओझ्यामागे ग्राहकाकडून दामाचा लहानसा अंश लावून दिला आहे. ग्राहकाने पाच सुपाऱ्या द्यायच्या. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी एकेक पळी तेल द्यायचे. जे मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे, आणि मापाईचा निम्मा वाटा मठाला, निम्मा मापाऱ्याला.

ही रक्कम एखाद्या सावकाराने एकदाच मोजून दिलेली नाही. पेठेतल्या रोजच्या उलाढालीतून तिळातिळाने ती साठत होती. तेलाच्या पळीवर विद्यार्थ्याचा दिवा जळत असे असे म्हटले, तर ती फारशी अतिशयोक्ती ठरू नये. शिवाय मठाचे माप हे बाजाराचे प्रमाण मानले गेले होते. आकाश मोजणाऱ्यांच्या मापावर पेठेने धान्याचा विश्वास टाकला, ही गोष्ट सुपाऱ्यांहून मोठी आहे.

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले: आहार, औषध, अभय आणि शास्त्र. पहिल्या तिघांसाठी आजही थैल्या मोकळ्या होतात. पाटणचा कर हा चौथ्या प्रकारात बसतो, आणि त्यात ग्राहकाचा धर्म विचारलेला नाही.

दोन सूर्यांचा वाद

त्या मठात शिकविल्या जाणाऱ्या ग्रंथात जैन मताचे खंडन होते, हेही येथे सांगितले पाहिजे. ‘सूर्यप्रज्ञप्ति’सारख्या आगमग्रंथांत जंबूद्वीपावर मेरूभोवती दोन सूर्य आणि दोन चंद्र आळीपाळीने फिरतात असे वर्णन आहे, आज दिसणारा सूर्य उद्याचा नसतो, तो परवाचा असतो. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हे मत मांडून त्याला उत्तर दिले. त्या उत्तरात त्यांनी ग्रंथाची साक्ष काढली नाही. त्यांनी वाचकाला उत्तरेकडे पाहावयास सांगितले.

ध्रुवाजवळचे तारे कधी मावळत नाहीत. संभाजीनगरचा अक्षांश सुमारे २० अंश, म्हणून येथे ध्रुव उत्तर क्षितिजापासून २० अंश वर दिसतो. हात ताठ समोर धरून मूठ वळली की ती साधारण १० अंश आकाश झाकते. क्षितिजावर अशा दोन मुठी एकावर एक ठेवल्या की ध्रुव सापडतो. त्याच्याभोवती २० अंशांच्या आत असलेले तारे क्षितिजाखाली न जाता गोल फिरत राहतात. संध्याकाळी ध्रुवाच्या उजवीकडे असलेला तारा वर चढून पहाटे डावीकडे गेलेला असतो, आणि एका अहोरात्रात त्याची एक फेरी पुरी होते. दुसऱ्या संध्याकाळी त्याच जागी तोच तारा. दोन नक्षत्रमंडळे आळीपाळीने येत असती तर असे दिसले नसते. एवढी साधी निरीक्षणाची साक्ष त्या खंडनाचा आधार होती.

या ध्रुवाच्या उंचीतून आणखी एक गोष्ट कळते. कन्याकुमारीस तो जेमतेम ८ अंश वर असतो, दिल्लीस २८ अंशांहून अधिक. दक्षिणेत माल पोहोचवून उत्तरेकडे परतणाऱ्या व्यापाऱ्याला तो दर मुक्कामागणिक वर चढताना दिसे. जमीन सपाट असती, तर इतक्या दूरच्या ताऱ्याची उंची गावागणिक बदलली नसती. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली नेहमी गोल कडेची असते, हा त्याच निष्कर्षाचा दुसरा पुरावा. ग्रहण हे पृथ्वीच्या सावलीमुळे होते हे भास्कराचार्यांना आणि त्यांच्या पूर्वसूरींना पूर्ण ठाऊक होते. त्यांच्या नातवाच्या मठाला दान ग्रहणाच्या रात्रीच मिळावे, हा योग मोठा समर्पक आहे.

श्रमणांची खतावणी

मग आगमांतील आकाश निरुपयोगी ठरले काय? तसे म्हणणे हिशेबाला धरून होणार नाही. खतावणीत एक रक्कम चुकली म्हणून वही फाडत नाहीत. प्रत्येक रक्कम ताडून पाहतात.

‘सूर्यप्रज्ञप्ती’त, वेदांग ज्योतिषाप्रमाणेच, पाच वर्षांचे युग धरले आहे. त्या युगात १८३० दिवस, ६२ चांद्रमास आणि नक्षत्रमंडळातून चंद्राच्या ६७ फेऱ्या. १८३० ला ६७ ने भागले की चंद्राच्या एका फेरीचा काळ २७.३१३ दिवस येतो. आजचे मोजमाप २७.३२२ दिवस. फरक १२ मिनिटांचा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा काळ ६२ ने भागून काढला तर फरक २१ मिनिटांचा पडतो. दुर्बीण नाही, घड्याळ नाही, केवळ डोळे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद यांवर हे साधले होते. वर्षाची लांबी मात्र ३६६ दिवस धरली गेली. खरे वर्ष ३६५ दिवस आणि जवळपास ६ तासांचे. त्यामुळे पाच वर्षांच्या युगात पावणेचार दिवसांची तूट येते. ही तूट पुढच्या गणितज्ञांनी दुरुस्त केली. मोजणी टिकली, तीतली चूक सुधारली गेली आणि दोन सूर्यांचे चित्र निरीक्षणापुढे मागे पडले. लोकाच्या स्वरूपाचे चिंतन हे बारा भावनांपैकी एक मानले आहे. विशाल लोकात आपले स्थान किती लहान आहे हे जाणून अहंकार गळावा, हा त्या चिंतनाचा हेतू. तो हेतू आजच्या खगोलशास्त्राने अधिकच पुष्ट होतो.

आगमांच्या नक्षत्रगणनेत २८ नक्षत्रे आहेत आणि आरंभी अभिजित. हा तेजस्वी निळसर-पांढरा तारा पावसाळ्यानंतरच्या संध्याकाळी डोक्यावरून पश्चिमेकडे झुकलेला दिसतो. भोवऱ्याचा आस जसा डोलतो तसा पृथ्वीचा आसही सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, आणि त्यामुळे ध्रुवताऱ्याचे पद एकाच ताऱ्याकडे राहत नाही. साधारण १२,००० वर्षांनी ते अभिजिताकडे आलेले असेल.

वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांपर्यंत जाणाऱ्या भाविकांना आणखी एक नाव आठवावे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, ८५० च्या सुमारास, दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. आरंभी त्यांनी गणित कोठे कोठे लागते त्याची मोठी यादी दिली; त्यात लौकिक व्यवहारही आहेत आणि सूर्यादी ग्रहांची गती व ग्रहणेही आहेत. व्यापार आणि आकाश यांना एकाच शास्त्राचे दोन ग्राहक मानणारी ही दृष्टी जैन गणितज्ञाची आहे.

जुन्या तारखेची हुंडी

आकाशातील अंतरे समजून घेण्यास पेढीवरचा अनुभव उपयोगी पडतो. दूरच्या गावाहून आलेली हुंडी हातात पडते तेव्हा ती लिहिणाऱ्याची आजची स्थिती सांगत नाही. ती लिहिली त्या दिवसाची सांगते. प्रकाशाचेही तसेच आहे. तो सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो. चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदात पोहोचतो, सूर्याचा सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत. सूर्योदय झाला असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांत शिरणारा प्रकाश सूर्यावरून आठ मिनिटांपूर्वी निघालेला असतो. प्रकाश एका वर्षात सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर जातो. या अंतराला प्रकाशवर्ष म्हणतात. नाव वर्षाचे असले तरी माप लांबीचे आहे.

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्याध साडेआठांहून किंचित अधिक, अभिजित २५, स्वाती ३७, रोहिणी ६५. हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या पायाशी निळसर तेजाने चमकणारा राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर आहे. त्याची जी हुंडी आज रात्री संभाजीनगरच्या गच्चीवर वटेल, ती भास्कराचार्यांच्या काळात लिहिलेली आहे. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा दुसरा समूह, २५ लाख प्रकाशवर्षांवर. आणि तरीही काळोख्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखी दिसते.

आकाशात दिसणारी प्रत्येक तेजस्वी वस्तू तारा नसते. तारा स्वतःच्या तेजाने प्रकाशतो. शुक्र, गुरू यांसारखे ग्रह सूर्याचा प्रकाश परतवतात आणि बहुधा न लुकलुकता स्थिर दिसतात. तुटणारा तारा म्हणजे उल्का. ती बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढी असते आणि वातावरणात शिरताना जळते. मोठा दगड जमिनीपर्यंत पोहोचला तर तो अशनी. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच आघाताने काळ्या बसाल्ट खडकात तयार झाले. मृगाच्या पट्ट्याखाली लटकणारा अस्पष्ट ठिपका म्हणजे तेजोमेघ. वायू आणि धूळ यांच्या त्या ढगात नवे तारे जन्मत आहेत.

ताऱ्याचा रंग पाहून त्याची उष्णता ओळखता येते. लोखंड तापू लागले की आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते. ताऱ्यांतही लालसर तारे तुलनेने थंड आणि निळसर अधिक उष्ण. आपला सूर्य मध्यम प्रतीचा तारा. त्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनाचे हेलियमात रूपांतर होते. तयार होणारे हेलियम मात्र ६० कोटी टन भरत नाही. सुमारे ४० लाख टन कमी पडते. ही तूट म्हणजेच प्रकाश आणि उष्णता. गेली ४६० कोटी वर्षे हा धंदा चालू आहे आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल इतकी शिल्लक आहे.

सराफ्यातील सोने कोठून आले

सूर्याहून कितीतरी जड असलेले तारे आपले भांडवल फार लवकर उधळतात. त्यांच्या अंतर्भागात हेलियमापासून कार्बन, प्राणवायू असे करीत लोखंडापर्यंत मूलद्रव्ये बनतात. लोखंडानंतर भट्टी चालत नाही. गाभा कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. याला अतिनवतारा म्हणतात. भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वी ६० वर्षे, १०५४ साली, वृषभ राशीत असा स्फोट दिसला आणि चिनी निरीक्षकांनी त्याची नोंद ठेवली. तराजूच्या पारड्यातील लोखंड आणि माणसाच्या रक्तातील लोह यांचा उगम अशा मृत ताऱ्यांत आहे.

स्फोटानंतर मागे उरतो तो न्यूट्रॉन तारा, किंवा वस्तुमान फारच असेल तर कृष्णविवर. न्यूट्रॉन ताऱ्यात सूर्याहून अधिक द्रव्य एखाद्या शहराएवढ्या जागेत कोंबलेले असते. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत अखेर आदळतात, तेव्हा अवकाशालाच हेलकावे बसतात. त्यांना गुरुत्वलहरी म्हणतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली अशी लहर पृथ्वीवर नोंदली गेली, आणि त्या टकरीत सोने-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये तयार झाल्याचा पुरावा दुर्बिणींना मिळाला. सराफ्यात कसोटीवर घासल्या जाणाऱ्या सोन्याचा मोठा भाग पृथ्वी जन्मण्यापूर्वी अशाच टकरींत घडला असावा, असे आता शास्त्रज्ञ मानतात.

गुरुत्वलहर पहिल्यांदा सापडली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकत्र झाली होती. बेरीज ६५ व्हायची, पण नवे कृष्णविवर भरले ६२. उरलेल्या ३ सूर्यांएवढे द्रव्य लहरी होऊन निघून गेले आणि १३० कोटी वर्षांचा प्रवास करून येथे पोहोचले. लहर येते तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या नळीत होणारा फरक अणुगर्भातील एका प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. जगातील कोणत्याही पेढीवर याहून सूक्ष्म वजनकाटा नाही.

तसाच एक काटा आता मराठवाड्यात बसणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिका, इटली व जपान येथील वेधशाळांच्या जोडीला भारतातील दूरचे ठिकाण मिळाले की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे अधिक अचूक सांगता येईल. हा पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर करातून येणार आहे. प्रत्येक बिलावर कर लावून तो भरणारा दुकानदार पाटणच्या पेठेचाच वारस आहे. त्या वेळी घाण्यामागे पळीभर तेल होते. आज पावतीवरची एक ओळ आहे.

दिव्याखालचा अंधार

पाटणच्या पेठेने एक गोष्ट मात्र केली नव्हती. तिने आकाश झाकले नव्हते. आज गुलमंडी, जुना मोंढा किंवा जालना रस्त्यावरून रात्री वर पाहिले तर मोजके तारे दिसतात. आकाशगंगेचा पट्टा शहराच्या मध्यभागातून दिसत नाही. दुकाने बंद झाल्यावरही पाट्या जळत राहतात, दिव्यांचे तोंड वर असते, आणि तो उजेड धुळीवरून परतून साऱ्या शहरावर पसरतो. वीज जाते, तिचे बिल येते, आणि त्या उजेडाचा ग्राहकाला उपयोगही नसतो.

जैन घराला यात आणखी एक हिशेब दिसला पाहिजे. रात्रिभोजनत्यागामागे सूक्ष्म जीवांची दया आहे. दिव्याकडे झेपावणारे कीटक अन्नात पडून मरू नयेत ही काळजी पूर्वजांनी घेतली. पावसाळ्यात रात्रभर जळणाऱ्या पाटीखाली सकाळी पंखांचा जो थर साचतो, तो झाडणाऱ्या नोकराला रोज दिसतो. दुकान बंद करताना पाटीही बंद करणे, बाहेरच्या दिव्यावर टोपण बसवून त्याचा उजेड खाली वळविणे, गोदामाला रात्रभर लख्ख दिव्याऐवजी माणूस आला की लागणारा दिवा बसविणे, हे सारे कोणत्याही दुकानदाराच्या आवाक्यातील आहे. एवढ्यात वीज वाचते, जीव वाचतात आणि आकाश परत मिळते.

शास्त्रदानाचा मार्गही खुला आहे. महात्मा गांधी मिशनच्या परिसरात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे अंतराळविज्ञान केंद्र शहरातच आहे. मुलांना तेथे नेता येते. एखाद्या शाळेला दुर्बीण देण्याचा खर्च हा लग्नातील एका संध्याकाळच्या रोषणाईहून पुष्कळ कमी असतो. सहलीच्या यादीत वेरूळ आणि कचनेर यांच्या जोडीला पाटणादेवी आणि लोणार ही नावे घालता येतात.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला एक सोय आयती लाभली आहे. शहरातील इतर घरे जेवणाच्या तयारीत असतात तेव्हा येथे ताटे धुऊन झालेली असतात. सूर्यास्तानंतरचा तो तास मोकळा असतो. त्या तासात आजोबांनी नातवंडांना गच्चीवर न्यावे, उत्तरेकडे तोंड करून दोन मुठी एकावर एक ठेवावयास सांगावे आणि ध्रुव दाखवावा. मग प्रतिक्रमण किंवा झोपेच्या आधी पुन्हा एकदा वर जाऊन त्याच्या शेजारचे तारे किती सरकले ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारसीसाठी कोष्टकाकडे नजर जाईल, तेव्हा त्या छापील आकड्यामागे काय आहे ते त्या मुलांना ठाऊक असेल.